मोटरहोमसाठी आतला जनरेटर की पोर्टेबल? आठ महिने दोन्ही वापरून

कॅलिफोर्नियात जुनं क्लास सी मोटरहोम (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेलं फिरतं घर) घेतलं, तेव्हा त्यात ४००० वॉटचा जनरेटर बसवलेलाच होता. बटण दाबलं की सुरू, पेट्रोल गाडीच्याच टाकीतून. टाकी एक चतुर्थांश उरली की त्याचं पेट्रोल आपोआप तुटतं, त्यामुळे रानात अडकायची भीती नाही. छतावरचा १३,५०० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे थंडाव्याचं माप) एसी तो मुकाट्याने ओढतो.

मग दुसरा का घेतला? जोशुआ ट्री या वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानामुळे. तिथल्या कॅम्पग्राउंडना वीज नाही आणि जनरेटर लावायची मुभा सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २, संध्याकाळी ५ ते ७ एवढीच. सकाळी सातला आमचं धूड सुरू झालं की पलंगाखालची फळी थरथरायची. शेजारचे आजोबा कॉफीचा मग हातात धरून नुसते बघत राहायचे. निम्म्या लोडवर तासाला अर्धा गॅलन (दोनेक लिटर) पेट्रोल जातं, ते वेगळंच.

म्हणून २२०० वॉटचा पोर्टेबल इन्व्हर्टर जनरेटर (लोडप्रमाणे इंजिनाचा वेग कमीजास्त करणारा) आणला. हलक्या लोडवर तो जेमतेम गॅलनभर पेट्रोलमध्ये आठ तास काढतो, आणि आवाज इतका कमी की शेजारी बसून गप्पा मारता येतात. पण पहिल्याच दिवशी सर्ज प्रोटेक्टर (सदोष विजेपासून गाडी वाचवणारा डबा) वीज आत घेईना. त्यावर सूचना 'ओपन ग्राउंड', म्हणजे अर्थिंग सापडत नाही. तासभर वायरी चाचपल्या. बिघाड कुठेच नव्हता. अशा जनरेटरात न्यूट्रल आणि ग्राउंड जोडलेले नसतात. ते जोडणारा छोटा प्लग खोचला आणि काम झालं.

दुसरा धडा योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात, ट्युओलमी मेडोज या डोंगरातल्या कुरणापाशी. उंची ८,६०० फूट. २२०० हा आकडा क्षणभराचा, सतत मिळतात १८००, आणि दर हजार फुटांना त्यातले साडेतीन टक्के गळतात. १५०० वॉटची किटली लावली, लाल दिवा लागला. चहा शेवटी गॅसवरच. सॉफ्ट स्टार्ट (एसी सुरू होतानाचा विजेचा झटका कमी करणारा भाग) बसवल्याशिवाय याच्यावर एसीचं नावही काढू नका.

आतल्याची खोड वेगळी. हिवाळ्यात तीन महिने हातच लावला नाही, कार्ब्युरेटर (इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) जुन्या पेट्रोलने चिकटून बसला. महिन्यातून एकदा दोन तास, निम्म्या लोडवर चालवा, असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं होतं. वाचलं कोणी?

एसी नको असेल तर माझं मत पोर्टेबललाच. फक्त २१ किलोचं ओझं, पेट्रोलच्या कॅनचा वास आणि रात्री साखळी-कुलूप ही कटकट गृहीत धरा. चटणीचा ११० व्होल्टचा मिक्सर दोन्हींवर चालतो. बायको मात्र आतलाच लावते. त्याची दोरी ओढावी लागत नाही.