जीडीपीआर की सीसीपीए: ॲपचं धोरण कशावर बेतायचं?

मैत्रीण ॲप बनवतेय. वापरणाऱ्यांच्या गोपनीयतेचं धोरण युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यावर बेतू की कॅलिफोर्नियाच्या सीसीपीए या तशाच कायद्यावर, या पेचात ती अडकली आहे.

खरा फरक संमतीत आहे. २०१८पासून लागू असलेला जीडीपीआर माहिती घेण्याआधीच कायदेशीर आधार मागतो. तो आधार संमतीचा असेल, तर आधीच टिक केलेली चौकट चालत नाही. २०२०चा सीसीपीए माहिती घेऊ देतो, पण ती विकणाऱ्याला किंवा जाहिरातींसाठी शेअर करणाऱ्याला 'माझी माहिती विकू किंवा शेअर करू नका' असा दुवा ठेवायला लावतो. म्हणजे नको म्हणायचं ओझं वापरणाऱ्यावर! मला हे मनापासून खटकतं. पानाच्या तळाशी, बारीक अक्षरातला तो दुवा किती जण शोधतील?

स्वतःबद्दलची साठवलेली माहिती मागणाऱ्याला उत्तर द्यायची मुदत जीडीपीआरमध्ये एक महिना, सीसीपीएमध्ये ४५ दिवस. दंड मात्र जीडीपीआरचा जबर: २ कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ४ टक्के, यांतलं जे जास्त, तिथपर्यंत. सीसीपीए बहुतेक छोट्या व्यवसायांना वगळतो. जीडीपीआरमध्ये अशी सरसकट सूट नाही.

युरोपातले लोक वापरणार असतील, तर जीडीपीआरला पर्याय नाही. फक्त कॅलिफोर्नियातले असतील, तर सीसीपीए पुरेल. दोन्हीकडचे असतील, तर पाया जीडीपीआरचा घ्यावा, वर तो दुवा जोडावा, आणि ठळक अक्षरात.