वीस माणसं, एक ओव्हन: इंग्रजी घरगुती जेवणातलं काय निवडाल?

शेजाऱ्यांना आणि ऑफिसातल्या मंडळींना घरी बोलवायचं, आणि दरवेळच्या पावभाजीऐवजी एकदा त्यांच्याच आजीच्या हातचं जेवण घालायचं, असं इथे इंग्लंडमध्ये, रेडिंगला, माझ्या दोन मैत्रिणींनी यंदा ठरवलं. दोघींचा प्रश्न एकच: शेफर्ड्स पाय, बँगर्स अँड मॅश, टोड इन द होल की लँकशर हॉटपॉट? चवीला चारही उत्तम. पण वीस माणसं, एक ओव्हन आणि सहा खुर्च्या म्हटल्यावर दोनच गोष्टी बघायच्या. पदार्थ ताटकळत राहिला तर बिघडतो का? आणि उभ्याने, नुसत्या काट्याने खाता येतो का?

टोड इन द होलमध्ये मी स्वतः तोंडघशी पडले आहे, म्हणून आधी तेच सांगते. नावात बेडूक आहे, ताटात नाही. अंडी, मैदा आणि दुधाचं धिरड्याहून पातळ पीठ धूर निघेपर्यंत तापलेल्या तेलात, भाजलेल्या सॉसेजवर ओतायचं आणि 220 अंशाला ओव्हनमध्ये सारायचं. मध्ये दार उघडायचं नाही. बाहेर येतं तेव्हा काय रूप असतं! कडा सोनेरी, पुरीसारख्या टम्म फुगलेल्या. मी कौतुकाने ट्रे टेबलावर ठेवला आणि पाहुण्यांना ‘बसा’ म्हणेपर्यंत ते स्वतःच बसलं. चार माणसांसाठी जरूर करा, वीसांसाठी नको.

बँगर्स अँड मॅश, म्हणजे सॉसेज आणि कुस्करलेले बटाटे, याला कष्ट सगळ्यात कमी. पहिल्या महायुद्धाच्या टंचाईत सॉसेजमध्ये मांस कमी आणि पाणी जास्त असायचं, ती तव्यावर फटाफट फुटायची, म्हणून ‘बँगर’, असं सांगतात. आजही ‘पोर्क सॉसेज’ म्हणवून घ्यायला 42 टक्के डुकराचं मांस पुरतं, तेव्हा पाकिटावरचा आकडा वाचून घ्या. पारंपरिक कंबरलँड सॉसेजमध्ये तो किमान 80 असतो. अडचण वेगळीच आहे. सॉसेजला सुरी लागते. एका हातात ताटली, दुसऱ्यात काटा, मग सुरी कुठल्या हातात? वर पातळ ग्रेव्ही, ती हमखास कुणाच्या तरी शर्टावर. मुस्लिम मित्र येणार असतील तर डुक्कर बादच. सगळ्यांना टेबलापाशी बसवता येत असेल तर मात्र पोरांना याच्याइतकं दुसरं काही आवडत नाही.

माझं मत शेफर्ड्स पायला. आईला फोनवर ‘पाय करतेय’ म्हटलं तर तिने ‘बकऱ्याचे का?’ विचारलं होतं. खाली मेंढीचा खिमा, वर कुस्करलेल्या बटाट्याचा जाड थर. गाईचा खिमा घातला तर तो कॉटेज पाय, त्यामुळे ज्यांच्या घरी गोमांस चालत नाही त्यांनी रेसिपी शोधताना नाव नीट बघावं. वीस जणांना दोन किलो खिमा आणि तीन किलो बटाटे पुरतात. बटाटे मॅरिस पायपर जातीचे घ्या आणि मिक्सरमध्ये अजिबात घालू नका, खळ होते. कांदा, गाजर, सेलरी घालून खिमा आदल्या रात्री शिजवा, वर साकळलेली चरबी सकाळी काढून टाका. खिमा गार असतानाच मॅश पसरा, गरम खिम्यात तो बुडतो. वरून काट्याने रेघा ओढा, त्या रेघांच्या कडा खरपूस होतात आणि माणसं त्यावरच तुटून पडतात. 200 अंशाला पाऊण तास. कडेने ग्रेव्ही बुडबुडायला लागली की झालं. पुढे अर्धा तास कुणी उशिरा आलं तरी बिघडत नाही. इंग्रज वेळेवर येतात, आपली माणसं कधी येतात ते तुम्हाला ठाऊक आहेच.

शाकाहाऱ्यांसाठी दुसऱ्या ट्रेमध्ये खिम्याऐवजी अख्खे मसूर घाला. फक्त एक खाच आहे: खिम्यात चवीला घालतात त्या नेहमीच्या वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात. शेफील्डच्या हेंडरसन्स रेलिशमध्ये मासा नाही, ते वापरा. जैन पाहुणे असतील तर मांस किंवा कांदा-बटाट्याशिवाय या चौघांपैकी एकाचंही पान हलत नाही, त्यांच्यासाठी वेगळा बेत करा.

हॉटपॉट खरं तर पायपेक्षाही जास्त ताटकळू शकतं. मेंढीच्या मानेचं मांस, कांदा, वर बटाट्याच्या चकत्या, मंद आचेवर तीन तास. पण तितका वेळ ओव्हन अडकतो आणि मानेच्या मांसात हाडं येतात. बसून जेवणाऱ्या आठ जणांना, सोबत लाल कोबीचं लोणचं देऊन, सुंदर लागेल.

गोडात ट्रायफलच्या (केक, जेली आणि कस्टर्डचे थर) जेलीत बहुधा प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन असतं. खजूर घातलेलं स्टिकी टॉफी पुडिंग मला जास्त आवडतं, पण त्यात अंडं आलं. तेव्हा ॲपल क्रंबल. आंबट ब्रॅमली सफरचंदं, वर मैदा, लोणी आणि साखर 2:1:1 प्रमाणात चुरून. सोबतीला बर्ड्सचं बिनअंड्याचं कस्टर्ड. अल्फ्रेड बर्डने ते 1837 मध्ये बर्मिंगहॅमला बायकोला अंडं सोसत नाही म्हणूनच तयार केलं होतं. पाय बाहेर काढला की 190 वर आणून त्याच ओव्हनमध्ये क्रंबल सारा, ताटल्या रिकाम्या होईपर्यंत तो तयार असेल.