‘ड्राय नको’ म्हणणे मी का सोडले : परवडणाऱ्या वाइनच्या वहीचा नऊ महिन्यांचा अनुभव

वापरानंतरचा अनुभव बहुधा एखाद्या यंत्राविषयी लिहिला जातो. माझा अनुभव एका साध्या रेघी वहीविषयी आहे. दुकानातील सर्वांत स्वस्त गटातल्याच बाटल्या घ्यायच्या आणि प्रत्येकीची नोंद गोडी, आंबटपणा, तुरटपणा आणि जडपणा या चार रकान्यांत करायची, असे मी ठरवले. प्रत्येक रकान्याला शून्य ते पाच गुण आणि शेवटी एकच प्रश्न : ही बाटली पुन्हा घेईन का? नऊ महिन्यांत 38 बाटल्यांची नोंद झाली. वहीचा उपयोग झाला, पण मला वाटला होता तसा नाही. चांगल्या बाटल्यांची यादी हाती येईल अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात मी इतकी वर्षे दुकानात चुकीचा शब्द वापरत होतो, हे कळले.

तो शब्द म्हणजे ‘ड्राय’. लाल वाइनच्या दोन घोटांनंतर तोंड कोरडे पडते, म्हणून ती ‘ड्राय’, आणि ती आपल्याला आवडत नाही, असा माझा सरळ हिशेब होता. ‘ड्राय नको’ म्हटल्यावर विक्रेते अर्थातच निमगोड वाइन पुढे करत आणि ती मला दुसऱ्या पेल्यातच नकोशी होई. अकराव्या पानावर हा घोटाळा उघडकीस आला. तिथे एका लाल काबर्ने सोव्हिन्याँपुढे ‘गोडी शून्य, हिरड्या आवळल्या, पुन्हा नको’ अशी नोंद आहे आणि लगेच खाली एका पांढऱ्या सोव्हिन्याँ ब्लाँपुढे ‘गोडी शून्य, तोंडाला पाणी सुटले, नक्की घेईन’ अशी. दोन्ही वाइन तितक्याच ड्राय होत्या, कारण वाइनच्या परिभाषेत ड्राय म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली. युरोपीय नियमांत साधारणपणे लिटरमागे 4 ग्रॅमपर्यंत. मला खटकत होता तो तुरटपणा. षड्रसांत कषाय रसाला स्वतंत्र स्थान देणारी भाषा हाताशी असताना मी उसना शब्द घेऊन फसलो, याचे थोडे हसूही आले.

हा तुरटपणा टॅनिनमुळे येतो. द्राक्षाच्या सालीत, बियांत आणि देठांत असलेले टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते, तोंडातला गुळगुळीतपणा जातो आणि जीभ दातांवरून फिरवली की खरखरीत लागते. फार वेळ मुरलेल्या कोऱ्या चहाने होते, तेच. लाल वाइन सालींसह आंबवली जाते, पांढरीचा रस बहुधा आधीच वेगळा काढला जातो, म्हणून हा फरक. फसफसणाऱ्या वाइनच्या लेबलांवर तर शब्दांचा गोंधळ आणखी वाढतो : तिथे ‘ब्रूट’मध्ये लिटरमागे 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर असते आणि ‘एक्स्ट्रा ड्राय’ लिहिलेल्या बाटलीत 12 ते 17 ग्रॅम, म्हणजे जास्त ड्राय वाटणारी बाटली प्रत्यक्षात जास्त गोड.

एकदा हे उमगल्यावर निवड सोपी झाली. तुरटपणा कमी आणि आंबटपणा ठळक असलेली लाल वाइन हवी, तर गामे आणि बार्बेरा ही द्राक्षे शोधावीत. फ्रान्सच्या बोजोले भागात गामेचे घड बहुधा न चिरडता, अख्खेच आंबवायला ठेवतात. आंबण्याची सुरुवात द्राक्षाच्या आतच होते आणि सालीतले टॅनिन कमी उतरते. पिनो न्वारही कमी तुरट असते, परंतु हे द्राक्ष पिकवायला अवघड. स्वस्तात घेतलेल्या माझ्या तिन्ही बाटल्या पाणचट निघाल्या. पांढऱ्यांत शेनँ ब्लाँ आणि रीसलिंग माझ्या पसंतीस उतरल्या, मात्र दोन्ही द्राक्षांपासून अगदी ड्रायपासून अतिगोडापर्यंत सर्व प्रकारच्या वाइन होत असल्याने लेबल वाचावेच लागते. जर्मन बाटलीवर ‘ट्रॉकन’ असेल तर ती ड्राय, फ्रेंच साध्या वाइनवर त्याच अर्थाने ‘सेक’.

माझ्या आवडीचा एक अनपेक्षित फायदा म्हणजे ती मुळातच स्वस्त आहे. बाटली, बूच, वाहतूक आणि कर यांचा खर्च साधारण वाइनलाही चुकत नाही. त्यावरची किंमत बऱ्याच अंशी कमी पीक देणाऱ्या मळ्यांची, ओकच्या पिंपांची आणि थांबण्याची असते. 225 लिटरच्या एका पिंपातून सुमारे 300 बाटल्या भरतात, काही हंगामांत त्याचा लाकडी गंध ओसरतो आणि वाइन मुरत असेपर्यंत पैसाही अडकून पडतो. पोलादी टाकीत तयार होऊन पुढच्या वर्षी विकली जाणारी ताजी वाइन या खर्चातून सुटते. ज्यांना व्हॅनिलासारखा, भाजलेल्या लाकडासारखा वास प्रिय आहे, त्यांना माझ्या किंमतगटात निराशा पदरी पडण्याचा संभव अधिक, कारण तिथे हा वास पुष्कळदा ओकचे तुकडे टाकून आणलेला असतो आणि नाकाला जे जाणवते त्याचा जिभेवर मागमूस नसतो. याला एक चांगला अपवाद मिळाला : स्पेनमधल्या रिओहा भागाच्या लाल वाइनवर ‘क्रियान्सा’ लिहिलेले असेल तर ती किमान दोन वर्षे मुरवलेली आणि त्यांपैकी किमान एक वर्ष पिंपात ठेवलेली असावी लागते. उलट ‘रिझर्व्ह’ या शब्दाला अनेक देशांत कायद्याचा काहीच आधार नाही, हे मी बरीच पाने खर्चून शिकलो.

सहाव्या महिन्यात ताईने माझी परीक्षा घेतली. चार बाटल्या कागदात गुंडाळून तिने केवळ आकडे टाकले. त्यांतली एक माझ्या ठरलेल्या मर्यादेच्या तिप्पट किमतीची होती. मी तिला तिसरा क्रमांक दिला आणि तिच्याच पेल्याला ‘बरी, पण उगाच जड’ असे लिहिले. कागद काढल्यावर जाड काचेची ती बाटली पाहून माझे मत डळमळू लागले, हे मात्र कबूल करायला हवे. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्समधल्या बोर्दोच्या एका प्रयोगात पांढऱ्या वाइनला लाल रंग दिल्यावर वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले होते. मग माझ्यासारख्याने बाटलीच्या वजनाला भुलावे, यात नवल नाही. तेव्हापासून नोंद लिहून होईपर्यंत मी किंमत पाहत नाही.

आता वहीचे दोष. पहिले दोन महिने तापमानाचा रकानाच नव्हता. एका गरम दुपारी प्यायलेल्या गार्नाचा या लाल वाइनला मी ‘नुसता अल्कोहोलचा भपका’ असे लिहून बाद केले. उरलेली अर्धी बाटली दोन दिवसांनी फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवली, तेव्हा तीच वाइन रसाळ लागली. लाल वाइनला साधारण 15 ते 18 अंश सेल्सिअस मानवते, हलक्या लाल वाइनला त्याहूनही कमी. फार थंड केली की वास दबतो आणि तुरटपणा उठून दिसतो.

दुसरी चूक अधिक महागात पडली. एका शेनँ ब्लाँला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला आणि मी त्या द्राक्षावरच तीन महिने काट मारली. तो दोष द्राक्षाचा नव्हताच, ती बुचातून वाइनमध्ये उतरणाऱ्या टीसीए या रसायनाची करामत होती. हल्ली त्यामुळेच फिरकीच्या झाकणाला मी कमी दर्जाचे लक्षण मानत नाही.

पहिल्या घोटावर गुण देऊ नयेत, हेही उशिरा समजले. ठसठशीत, किंचित गोडसर वाइन पहिल्या घोटाला बाजी मारते आणि अर्ध्या पेल्यानंतर कंटाळवाणी होते. आता मी 50 मिलिलिटर ओततो, दहा मिनिटे थांबतो, लिहितो, आणि बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी तीच नोंद पुन्हा तपासतो.

सर्वांत मोठा दोष मात्र अलीकडेच ध्यानात आला. माझ्या सगळ्या नोंदी रिकाम्या तोंडी केलेल्या आहेत. प्रथिनयुक्त जेवणासोबत टॅनिन अन्नातील प्रथिनांनाही चिकटते, त्यामुळे लाळेवरचा भार हलका होऊन तुरटपणा सौम्य होतो. अकराव्या पानावरची ती काबर्ने सोव्हिन्याँ गेल्या आठवड्यात मी पुन्हा आणली आणि जेवणाबरोबर घेतली. तुरटपणाच्या रकान्यात तेव्हा पाच गुण होते, या वेळी तीन पडले. ‘पुन्हा नको’ ही जुनी ओळ मी खोडलेली नाही, तिच्याखाली ‘उपाशीपोटी’ एवढा एकच शब्द लिहिला आहे.