एसकेयू कसा ठेवावा: साधा नंबर, बोलका कोड की बारकोडचाच आकडा?

ऑनलाइन विक्रीत प्रत्येक मालाला तुमचा स्वतःचा कोड, म्हणजे एसकेयू, लागतो. लिस्टिंग करताना, म्हणजे माल साइटवर विक्रीला टाकताना, ती जागा रिकामी सोडली तर अ‍ॅमेझॉन स्वतःच एक कोड टाकून देतं, आणि मग स्टॉकच्या शीटमध्ये कुठला माल कुठला हे उलगडत बसावं लागतं. म्हणून पद्धत आधी ठरवा.

सर्वात सोपा साधा नंबर: १००१, १००२. रंग वाढोत, मालाचं नाव बदलो, नंबर तसाच राहतो. फक्त शून्यापासून सुरुवात करू नका, कारण एक्सेल ०००१ चं १ करून टाकतं. खरी अडचण पॅकिंगच्या टेबलावर येते. १०४७ आणि १०७४ घाईत सारखेच दिसतात आणि चुकीचा माल गेला हे रिटर्न आल्यावरच कळतं. मोजक्याच वस्तू असतील आणि त्यांत साइज-रंगाची भानगड नसेल, तर मात्र याच्या पुढे जायची गरज नाही.

साइज-रंग आले की मी बोलक्या कोडच्याच बाजूने आहे. उदाहरणार्थ टीएस-४७-बीएलके-३: टी-शर्ट, डिझाइन ४७, काळा, लार्ज. लेबल वाचताच पॅकिंगवाल्याचा हात बरोबर गठ्ठ्याकडे जातो, आणि शीट सॉर्ट केली की एका डिझाइनचे सगळे प्रकार एकाखाली एक येतात. साइजला आकडा अशासाठी, की इंग्रजी अक्षरं ठेवली तर लार्ज, मीडियम, स्मॉल असा उलटा क्रम लागतो. रंगाला नुसतं ‘बीएल’ लिहू नका; ब्लॅक की ब्लू, हे महिन्याभराने तुम्हालाही सांगता येणार नाही. इंग्रजी ओ आणि आय टाळा, ते शून्य आणि एक वाटतात.

या कोडमध्ये काय घालायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं. किंमत, सप्लायर, रॅक यांपैकी काहीही नको, कारण हे सगळं बदलतं. सप्लायर बदलला की एकतर कोड खोटा ठरतो, नाहीतर त्याच मालाला दुसरा कोड देऊन स्टॉक दोन ठिकाणी विभागला जातो. शिवाय अ‍ॅमेझॉनवर एकदा दिलेला एसकेयू दुरुस्त करता येत नाही; लिस्टिंग काढून नव्याने करावी लागते. तिथे ४० अक्षरांची मुभा आहे, पण १२-१४ च्या पुढे गेलात तर कोड वाचून कोणी माल काढणार नाही.

ब्रँडेड माल विकणाऱ्यांना बारकोडचा १३ आकडी नंबर आयता वाटतो, स्कॅनही होतो. पण उघडून परत आलेल्या नगावर आणि कोऱ्या नगावर एकच बारकोड असतो, आणि दोन वस्तूंचा कॉम्बो तुम्हीच बांधलात तर त्याला बारकोडच नसतो. त्यातून एक्सेल हा आकडा ८.९ई+१२ असा आखडून दाखवतं, आणि तशीच सीएसव्ही (अपलोडसाठीची साधी फाइल) सेव्ह झाली की शेवटचे आकडे गेलेच. बारकोड वेगळ्या कॉलममध्ये ठेवा, तो कॉलम आधीच टेक्स्ट करून.

जुन्या, एकेकच नग असलेल्या वस्तू विकत असाल तर रॅकचा नियम उलटा करा. रॅक, खोका, नग, एवढाच कोड पुरतो, कारण ती वस्तू एकदाच हलते, विकली गेल्यावर. तो कोड मात्र दुसऱ्या वस्तूला देऊ नका. जुन्या ऑर्डरचं रिटर्न आलं की हिशेबात दोन वस्तू एकाच नावावर दिसायला लागतात.