खुडूक म्हणून विकलेल्या कोंबड्या आणि तार नसलेला ब्रूडर : ३८,५०० रुपयांना कसा फसलो

कोंबडीपालनातली फसवणूक म्हटली की लोकांना २०१९ चे इस्लामपूरचे कडकनाथ प्रकरण आठवते. पिले आमची घ्या, अंडी आम्हीच परत घेऊ, हा प्रकार आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे आणि त्या भाषेपासून मी चार हात लांबच होतो. मला ज्याने गंडवले त्याने असले एकही आमिष दाखवले नाही. त्याने सरळ माल विकला, भाव सांगितला, घासाघीसही करू दिली, आणि त्यामुळेच तो खरा वाटला.

माल असा होता. ‘सुधारित गावरानच्या फक्त माद्या’ म्हणून एक दिवसाची २०० पिले, ५५ रुपये नगाप्रमाणे ११,००० रुपये, त्यांना मॅरेक्स या रोगाची लस टोचल्याचे १,०००, खुडूक (अंडी उबवायला) बसलेल्या १० कोंबड्या ९५० रुपयांप्रमाणे ९,५००, तापमान आपोआप राखणारा ब्रूडर (पिलांना ऊब देणारे यंत्र) १४,८००, टेम्पोभाडे २,२००. एकूण ३८,५००. त्यातले २०,००० यूपीआयने आगाऊ दिले आणि १८,५०० माल उतरताना रोख मोजले. रोख का दिले, असे आता सगळे विचारतात. टेम्पो भर उन्हात उभा होता, खोक्यांत पिले धापा टाकत होती आणि पैसे हातात पडल्याशिवाय तो माणूस खोके खाली ठेवायला तयार नव्हता. त्या वेळी विचारणाऱ्यांपैकी कोणी वेगळे वागले असते असे मला वाटत नाही.

कोंबड्या आणि ब्रूडर दोन्ही घेण्यामागे विचार होता. आमच्याकडे रात्री-अपरात्री वीज जाते. एका खुडूक कोंबडीच्या पंखाखाली दहा-बारा पिले मावतात, म्हणजे निम्मी पिले कोंबड्यांखाली राहतील आणि उरलेली ब्रूडरमध्ये, असा हिशेब होता, आणि हिशेबात काही चूक नव्हती.

आता ज्या क्षणाने माझी झोप उडवली आहे तो सांगतो. पहिली कोंबडी मी हातात घेतली तेव्हा तिची वरची चोच अर्ध्यातून छाटलेली होती. टोक बोथट, किंचित काळपट आणि खालची चोच त्याच्या पुढे आलेली. मी विचारले, नाही असे नाही. तो म्हणाला, “काका, पिलांना टोचू नये म्हणून आम्ही चोच बोथट करूनच देतो.” छातीवरची पिसे झडलेली होती, तीही त्यानेच बोट लावून दाखवली : “बघा, अंड्यांवर बसून बसून गेली.” माझी आई ओट्यावरून एवढेच म्हणाली की, खुडूक कोंबडीला हात लावला तर ती पिसे फुलवून गुरगुरते, ही तर मान टाकून गप्प आहे. मी आईला म्हणालो की, प्रवासाने दमली असेल. वास्तविक चोच छाटतात ती पिंजऱ्यातल्या अंड्यांच्या फार्मवर, आणि पिसे झडतात ती पिंजऱ्याच्या जाळीला घासून. अंडी आटल्यामुळे काढून टाकलेल्या कोंबड्या होत्या त्या, आणि ही जात खुडूक बसूच नये अशाच निवडीने पैदा केलेली असते. आमच्या घरी पिढ्यानपिढ्या गावरान कोंबड्या आहेत, पिंजऱ्यातली कोंबडी मी आयुष्यात हाताळलेली नव्हती. त्या माणसाला हे नेमके माहीत होते. शिवाय खरी खुडूक कोंबडीसुद्धा जागा बदलली, लांबचा प्रवास घडला, की बहुधा खुडूकपणा सोडते. तेव्हा परगावाहून खुडूक कोंबडी कोणी विकत असेल तर घेऊच नका.

रीतीप्रमाणे अंधार पडल्यावर पिले कोंबड्यांखाली सारली. उजाडले तेव्हा कोंबड्यांनी टोचलेली २३ पिले डोकी फुटून पडली होती. बाकीची सगळी ब्रूडरमध्ये हलवली. पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करायची असते. ब्रूडरच्या काट्यावर कायम ३५ दिसत होते, आणि पिले मात्र बल्बखाली एकमेकांवर चढून गोळा झाली होती. बल्ब बंद केला तरी काटा ३५ वरच! गावातल्या वायरमनने मागची पत्र्याची पट्टी उघडली तर तापमानाच्या बटणाला एकही तार जोडलेली नव्हती. बटण नुसते फिरत होते. या थंडीत आणि चेंगराचेंगरीत ४६ पिले गेली. काट्यापेक्षा पिलांकडे पाहा : सारखी पसरून बसली तर ऊब बरोबर, कडेला जाऊन चोच वासून बसली तर जास्त.

उरलेल्या १३१ पिलांना पाचव्या आठवड्यात लाल तुरे फुटू लागले. एकजात नर! अंड्यांच्या जातीची नर पिले हॅचरीला (अंडी उबवून पिले विकणाऱ्याला) नकोशी असतात, कारण ती अंडी देत नाहीत आणि अंगही धरत नाहीत. खोक्यातली सगळी पिले एकसारखी पिवळी होती. गावरान पिले कधी एका रंगाची असतात का? लसही खोटीच असणार, कारण मॅरेक्सची लस पाण्यातून दिल्याचे तो बोलून गेला होता आणि ती टोचावी लागते. खाद्याच्या चार गोण्यांचे ८,६०० रुपये गेले, कोंबडे ६० रुपये नगाने ७,८६० रुपयांना विकले.

पोलीस ठाण्यात अंमलदाराने अर्ज वाचून शेजारच्याला हाक मारली आणि दोघे हसले. “कोंबडा निघाला म्हणून गुन्हा दाखल करू का?” पुढे हा दिवाणी वाद आहे असे सांगितले, त्यानंतर विक्रेता दुसऱ्या जिल्ह्यातला आहे म्हणून तिकडे जा असे सांगितले. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवून घ्यावा लागतो, हे मी कलम १७३ दाखवून सांगितले, तर वकिली शिकवू नका असे उत्तर मिळाले. हाती आला तो आवक क्रमांक. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन केला, तर माल मिळाला आहे म्हणून ही सायबर फसवणूक नव्हे. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवले. आणि सगळ्यांवर कडी पशुवैद्यकीय दवाखान्याची! साहेबांनी पिले पाहिली, ही लेअरची, म्हणजे अंड्यांच्या जातीची नर पिले आहेत असे स्वच्छ सांगितले, आणि तेच दोन ओळींत लिहून मागितल्यावर हात झटकले, “उद्या मला कोर्टात बोलावतील.” पगार कशाचा घेतात हे लोक? त्या दोन ओळी असत्या तर पोलिसांना हसायला जागा राहिली नसती.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. खरेदी पाच लाखांपर्यंतची असेल तर शुल्क लागत नाही आणि तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते. धंद्यासाठी घेतले म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असे कोणी म्हणाले तर स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतले असे अर्जात स्पष्ट लिहा. अडचण नोटीस बजावण्याची आहे, कारण पावतीवरच्या पत्त्यावर भाड्याने घेतलेली आणि रिकामी केलेली पत्र्याची शेड निघाली. माल उतरताना टेम्पोचा क्रमांक तेवढा टिपून ठेवा; माझ्याकडे तो नाही. तोच ब्रूडर, तोच फोटो, नव्या मोबाइल क्रमांकावरून आता १६,५०० रुपयांना विकायला आहे. मागची पट्टी उघडून तारा दाखवल्याशिवाय त्याला एक रुपयाही देऊ नका.