अल्झायमर: रोजची गोळी की प्रतिपिंडाचं सलाईन?

खानापूरच्या वहिनींचा प्रश्न: मामंजींची डोनेपेझिल ही रोजची गोळी चालू ठेवावी की लेकानेमॅब या प्रतिपिंडाच्या सलाईनसाठी धडपडावं?

काम: गोळी अ‍ॅसिटिलकोलीन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन टिकवते, आजार थांबवत नाही. लेकानेमॅब अमायलॉइड या मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाला चिकटतं, मग मायक्रोग्लिया या मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी तो गाळ उपसतात. 18 महिन्यांच्या चाचणीत घसरण 27 टक्के मंदावली. गेलेली आठवण मात्र परत येत नाही. जाहिरातीत हे कोण सांगतंय!

त्रास: गोळीने मळमळ, जुलाब, क्वचित नाडी मंद. सलाईनने मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून पुन्हा पुन्हा एमआरआय. शिवाय सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी वारी, सोबतच्या माणसाचा खाडा.

खर्च: गोळी जेनेरिक मिळते. अमेरिकेत लेकानेमॅबची 2023 मधली जाहीर किंमत वर्षाला 26,500 डॉलर होती.

विसरभोळेपणा नुकताच सुरू झालाय, अमायलॉइड तपासणीत दिसलंय आणि रक्त पातळ करायचं औषध चालू नाही, तर न्यूरॉलॉजिस्टकडे सलाईनचा विषय काढा. मामंजी नातवालाच ‘कोण रे तू?’ विचारत असतील, तर गोळीच बरी.