नकोसे शब्द लपवण्याची सोय: ‘भक्त’ गेला, सोबत लालबागची रांगही गेली

समाजमाध्यमांवरच्या चिखलफेकीला कंटाळलेल्या माणसाला हल्ली एक हमखास सल्ला मिळतो: सेटिंग उघडा, जे शब्द डोळ्यांसमोर यायला नको असतील ते यादीत भरा आणि निर्धास्त व्हा. मोठ्या समाजमाध्यमांनी २०१६ पासून ही सोय टप्प्याटप्प्याने आणली. तिची नावे वेगवेगळी असली, तरी काम साधारण एकच आहे: यादीतला शब्द ज्या मजकुरात आढळेल तो मजकूर आपल्यापुरता नाहीसा होतो, लिहिणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही आणि बाकीच्यांना तो दिसत राहतो. सोय फुकट आहे आणि सुरू करायलाही सोपी आहे. पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा वाद २०२५ च्या जून-जुलैत ऐन भरात होता तेव्हा मी ती सुरू केली आणि जानेवारी २०२६ मधली मुंबई महापालिकेची निवडणूक उरकेपर्यंत चालू ठेवली. मी वापरतो त्या ॲपचे नाव येथे देत नाही, कारण मला आलेल्या बहुतेक अडचणी त्या कंपनीपेक्षा शब्दांची यादी करून भांडण थांबवता येईल या कल्पनेशीच निगडित आहेत.

आईबहिणींवरून दिल्या जाणाऱ्या शिव्यांसाठी मला ही सोय नको होती. त्या शिव्यांचा त्रास होतो, पण त्या कुणाला पटवून द्यायच्या नसतात आणि त्यांच्यामुळे मूळ विषयही बदलत नाही. मला उबग आला होता तो राजकीय बिल्ल्यांचा. पहिलीतल्या मुलाला तिसरी भाषा झेपेल का, असा साधा प्रश्न कुणी विचारला, तर एका बाजूने ‘फुरोगामी’ आणि दुसऱ्या बाजूने ‘अंधभक्त’ असे दोन्ही बिल्ले त्याच माणसाला अर्ध्या तासात चिकटत होते आणि प्रश्न जागच्या जागी राहत होता. त्यामुळे माझी यादी अशी सुरू झाली: अंधभक्त, भक्त, फुरोगामी, अर्बन नक्षल, चमचा, गद्दार, खोकेवाले, संघोटे, ब्रिगेडी. यादी करताना कोणत्याही एका पक्षाला झुकते माप द्यायचे नाही, एवढी दक्षता मी घेतली होती.

पहिली अडचण मराठी व्याकरणाची आली. मी वापरतो ते ॲप शब्द जसाच्या तसा जुळवून पाहते. ‘चमचा’ यादीत असला तरी ‘चमच्यांनो’, ‘चमचेगिरी’ आणि ‘चमच्याला’ बिनदिक्कत आत येतात, आणि मराठीत शिवी तर बहुधा संबोधनात किंवा अनेकवचनातच दिली जाते. इंग्रजीत एका शब्दाची दोन-तीन रूपे भरली की काम भागते. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय, सामान्यरूप आणि शब्दयोगी अव्यये यांची मोजदाद करत बसावे लागते. शाळेत घोकलेला ‘स-ला-ते’चा तक्ता इतक्या वर्षांनी असा उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. शिवाय तोच शब्द रोमन लिपीत चार वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिला जातो, मधल्या अक्षराच्या जागी तारका टाकली जाते, आणि सगळ्यांत जास्त विष ज्यात असते ती मीमची चित्रे तर या सोयीला दिसतच नाहीत.

मी चिकाटीने ‘भक्त’ या शब्दाची सगळी रूपे भरली आणि पुढचा घोटाळा ओढवून घेतला. गणेशोत्सवात लालबागला नवसाच्या रांगेत भक्तांना किती तास लागत आहेत, मुखदर्शनाची रांग कुठपर्यंत आली आहे, अनंत चतुर्दशीच्या रात्री भक्तांसाठी विशेष लोकल कोणत्या वेळी सुटणार आहेत, ही सगळी कामाची माहिती माझ्या पडद्यावरून पुसली गेली. ‘चमचे’ भरल्यावर पाककृती गेल्या, कारण दोन चमचे बेसन आणि कुणाचे तरी दोन चमचे यांत ॲपला फरक कळत नाही. याउलट ‘फुरोगामी’ या शब्दाने अजिबात त्रास दिला नाही. जो शब्द मुद्दाम विद्रूप करून घडवला आहे त्याचा हेटाळणीवाचून दुसरा उपयोग नसतो, म्हणून तो गाळला तरी सोबत दुसरे काही जात नाही. मूळचा ‘पुरोगामी’ मी यादीत घातला नाही आणि घालणारही नाही; फुले, शाहू आणि आंबेडकर यांच्याविषयीचे अर्धे लेखन त्याबरोबर गेले असते.

हे झाले तांत्रिक दोष, आणि ते कधीतरी दूरही होतील. या सोयीविषयी माझे मत खरे बदलले ते कबुतरखान्याच्या वादात.

ऑगस्ट २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना महापालिकेने ताडपत्रीने झाकला, ती ताडपत्री आंदोलकांनी फाडली आणि मुंबईतल्या प्रत्येक माणसाला कबुतरांविषयी मत असलेच पाहिजे असे दिवस आले. त्या गदारोळात जवळच राहणाऱ्या एका बाईंनी सविस्तर मजकूर लिहिला होता. त्यांच्या सासूबाईंना फुप्फुसांचा आजार होता, डॉक्टरांनी कबुतरांच्या विष्ठेपासून आणि पिसांपासून दूर राहायला सांगितले होते, त्यामुळे रस्त्याकडच्या खिडक्या बारा महिने बंद असत आणि एसीच्या बाहेरच्या डब्यावर साचलेला थर खरवडायला माणूस बोलवावा लागे. त्याच मजकुरात त्यांनी रोज पहाटे श्रद्धेने दाणे टाकणाऱ्या शेजारच्या आजोबांविषयीही आपुलकीने लिहिले होते आणि दाणे टाकण्यासाठी वस्तीपासून दूर जागा मिळाली तर आजोबांना तिथे नेऊन सोडायची तयारी दाखवली होती. शेवटी त्यांनी एक वाक्य जोडले होते: आता मला काही जण अंधभक्त म्हणतील आणि काही जण फुरोगामी, दोन्ही बिल्ले मी आधीच लावून घेते.

हा मजकूर मला दिसलाच नाही. त्यात माझ्या यादीतले दोन शब्द होते. माझ्या पत्नीने तिच्या फोनवर तो मला वाचून दाखवला आणि खालच्या टिप्पण्याही दाखवल्या. टिप्पण्या लिहिणाऱ्यांपैकी अनेकांनी पहिल्या दोन ओळी वाचल्या होत्या, बाईंचे आडनाव पाहिले होते आणि त्यांनी भाकीत केलेली दोन्ही विशेषणे इमानेइतबारे बहाल केली होती. ज्यांच्यापासून सुटका व्हावी म्हणून मी ही सोय वापरत होतो त्या मंडळींनी आणि माझ्या ॲपने त्या मजकुराला दिलेली वागणूक सारखीच होती: दोघांनीही एक खूण पाहिली आणि पुढचे वाचले नाही. बिल्डिंगच्या वॉचमनला माणूस पाहू नकोस, फक्त आडनाव वाचून आत सोड किंवा परत पाठव, असे सांगावे, त्यातला हा प्रकार आहे.

राजकीय शब्दांची शिवी होणे इंटरनेटपेक्षा खूप जुने आहे. ‘डावे’ आणि ‘उजवे’ हे शब्द १७८९ च्या फ्रान्समधल्या सभागृहात कोण कोणत्या बाजूला बसले यावरून रूढ झाले, म्हणजे जन्मतः ते केवळ बसण्याच्या जागेचे वर्णन होते. आपल्याकडे ‘सुधारक’ हा शब्द एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात कुत्सितपणे उच्चारला जात असताना आगरकरांनी १८८८ मध्ये आपल्या पत्राला तेच नाव दिले. सुरतेत १९०७ मध्ये काँग्रेस फुटली त्या काळात ‘मवाळ’ म्हणजे कणाहीन, असा सूर जहालांच्या लिखाणात सर्रास असे. आणि मुंबईने तर या कलेत चांगलीच गंमत आणली: मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्याशी जवळीक असल्याच्या आरोपावरून शिवसेनेला ‘वसंतसेना’ म्हटले गेले. या शेवटच्या शब्दावर मी थोडा रेंगाळतो, कारण त्यात टवाळी असली तरी एक तपासता येण्यासारखा आरोप आहे. जवळीक होती की नव्हती, कशासाठी होती, कुणाच्या विरोधात होती, यावर वाद घालता येतो. बहुजन समाज पक्षाचे संस्थापक कांशीराम यांनी पुणे कराराला ५० वर्षे झाली तेव्हा, १९८२ मध्ये, ‘चमचा’ या शब्दाभोवती अख्खे पुस्तक लिहिले, तेव्हाही चमचा कुणाला म्हणायचे आणि तो का तयार होतो याची मांडणी त्यांनी केली होती. शब्द कठोर होता, पण त्यामागे युक्तिवाद उभा होता.

‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही ऑगस्ट २०२२ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर गाजलेली विरोधकांची घोषणा याच जातीची आहे. तिच्यात शिंदे गटावर पैसे घेऊन बाजू बदलल्याचा एक ठोस आरोप आहे, तो मान्य करा किंवा फेटाळा. म्हणून ‘खोके’ लपवणे मला लवकरच खटकू लागले. ते लपवले की राज्याच्या राजकारणातला एक चालू वादच आपल्यापुरता लपतो. पण अनोळखी माणसाच्या पाणीकपातीच्या तक्रारीखाली जेव्हा कुणी नुसते ‘खोके’ लिहून निघून जातो, तेव्हा त्या शब्दातला आरोप गळून पडलेला असतो आणि उरतो तो फक्त ‘तू त्यांच्यातला’ एवढा शेरा. एकच शब्द एका ठिकाणी आरोप असतो आणि दुसऱ्या ठिकाणी नुसता धक्का, आणि यादीला तो दोन्हीकडे सारखाच दिसतो.

बिल्ला ज्याला चिकटवला त्यानेच तो मिरवायला घेतला तर ॲपची आणखी पंचाईत होते. ‘चौकीदार चोर है’ या घोषणेला उत्तर म्हणून मार्च २०१९ मध्ये पंतप्रधानांनी आपल्या खात्याच्या नावापुढे ‘चौकीदार’ लावले आणि त्यांच्या समर्थकांनी त्यांचे अनुकरण केले. त्याआधी सप्टेंबर २०१८ मध्ये नाटककार गिरीश कर्नाड बंगळुरूच्या एका सभेत ‘मीही अर्बन नक्षल’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी गळ्यात घालून बसले होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यसभेतल्या भाषणात पंतप्रधानांनी ‘आंदोलनजीवी’ हा शब्द वापरला, तेव्हा शेतकरी आंदोलनाच्या कित्येक पाठीराख्यांनी तो अभिमानाने स्वतःला लावून घेतला. अशा वेळी शब्द लपवला तर शिवी आणि शिवीला दिलेले उत्तर ही दोन्ही एकदम जातात.

तरीही ही सोय निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. माझी भाची एका हौशी नाट्यसंस्थेचे खाते सांभाळते. नव्या नाटकाची घोषणा झाली, तालमी जेमतेम सुरू झाल्या होत्या, आणि घोषणेच्या चित्राखाली एकाने ‘फुरोगाम्यांची नौटंकी’ लिहिले, तर दुसऱ्याने ‘भक्तांचा प्रचार’. भाची मला म्हणाली, “मामा, नाटक अजून उभंसुद्धा राहिलेलं नाही, आणि दोघांनी मिळून ते पाडलंय.” तिने टिप्पण्यांपुरती शब्दांची यादी लावली. तिच्या ॲपमध्ये अशा टिप्पण्या नाहीशा होत नाहीत, तर बाजूच्या एका कप्प्यात जमा होतात आणि खाते चालवणारा त्या सवडीने पाहू शकतो. रात्री ती तो कप्पा उघडते, त्यातला एखादा खरा प्रश्न किंवा तिकिटाची चौकशी असेल तर बाहेर काढते, बाकीचे तसेच ठेवते. निर्णय शेवटी माणूसच घेतो, यंत्र फक्त कागद वेगळे करून ठेवते. माझ्या ॲपमध्ये मात्र लपलेला मजकूर पाहायला असा कप्पाच नाही, आणि कोणत्या शब्दामुळे काय गेले हेही कळत नाही. मोठी उणीव म्हणायची तर हीच.

वापरायचेच असेल तर माझी शिफारस अशी आहे. स्वतःच्या खात्यावर येणाऱ्या टिप्पण्या आणि सूचना यांच्यासाठी यादी जरूर लावावी, विशेषतः दुकान, ग्रंथालय, नाट्यसंस्था किंवा सोसायटी अशा कुणाचे खाते सांभाळत असाल तर. इतरांचे लिखाण वाचताना मात्र ती बंद ठेवावी. ज्या ॲपमध्ये मुदत ठरवता येते तिथे ‘कायम’ हा पर्याय निवडू नये. असे शब्द एखाद्या भाषणामुळे किंवा निकालामुळे काही दिवस उसळतात आणि मग आपोआप विरतात, तेव्हा आठवड्याची मुदत पुरेशी आहे. आपण ज्यांना फॉलो करतो त्यांना यादीतून वगळण्याचा पर्याय असेल तर तो आधी चालू करावा. जे शब्द मुद्दाम बिघडवून लिहिलेले असतात तेवढेच भरावेत. ज्यांना घरात, स्वयंपाकघरात किंवा देवळात काही काम आहे अशा शब्दांना हात लावू नये.

कंपन्यांनी मराठी शब्दांची रूपे मूळ शब्दावरून ओळखायला शिकावे आणि लपवलेला मजकूर पाहण्याची जागा द्यावी, या दोन सुधारणा झाल्या तर मी पुन्हा वापरून पाहीन. तूर्तास टिप्पण्यांसाठी पाचपैकी चार तारे आणि वाचनासाठी दीड. माझ्या वाचनाच्या यादीत आता फक्त ‘फुरोगामी’ आणि ‘संघोटे’ एवढेच शब्द उरले आहेत.